एका लिटरात घाटघर

८ फेब्रुवारी, रविवार

मीटर ४१,३०६. टाकी फुल केली. ॲव्ह. ५८.

अठ्ठावन्न. लिहिताना लाज वाटली. एसटीच्या डेपोत भिंतीवर फळा असायचा, दहा लिटर डिझेलला कोण किती किलोमीटर काढतो त्याचा. दर महिन्याला पुसायचे, खालची नावं बदलायचे, पहिलं नाव माझं. एकोणीस वर्षं. नवा ड्रायव्हर आला की साहेब त्याला माझ्या गाडीत बसवून द्यायचे, म्हणायचे, नानाचा पाय बघ कसा चालतो. आणि त्या नानाच्या दारातली शंभर सीसीची मोटारसायकल अठ्ठावन्न देते.

संध्याकाळी यात्रा कमिटी बसली व्हती. यंदा बैलगाड्यांच्या जोडीला एक नवीन शर्यत, एका लिटरची. टाकीचा कॉक बंद, हँडलला बाटली, बाटलीत मोजून लिटरभर पेट्रोल, नळी थेट कारब्युरेटरला. आपल्या पेठवरून निघायचं, मंचर, नारायणगाव, जुन्नर, तिथून पुढं घाटघरचा रस्ता. जिथं गाडी बंद पडंल तिथून फोन करायचा, मीटरचा फोटो पाठवायचा. जो लांब गेला तो जिंकला. उतारावर इंजिन बंद करून सोडलेली दिसली तर बाद.

सदाभाऊ कमिटीचा अध्यक्ष. म्हणाला, "जुन्नर गाठलं तरी लई झालं."

मी उठून उभा राहिलो. म्हटलं, "माझी गाडी घाटघरला जाईल. तिथनं फोन करीन."

बहात्तर किलोमीटर भरतं. सात वर्षं घाटघरची मुक्कामी गाडी नेलीय, मला कोण सांगणार. सगळे माझ्याकडं बघायला लागले. बरं वाटलं.

घरी येऊन हिला सांगितलं. ही म्हणाली, "अठ्ठावन्नाचे बहात्तर कुठून आणणार?" हिला गणित नेमकं नको तिथं येतं.

१० फेब्रुवारी, मंगळवार

गाडी पोपट मिस्त्रीकडं. एअर फिल्टरमधून ओंजळभर धूळ निघाली. प्लग काळा. पाहिजे बिस्किटाच्या रंगाचा. मिक्श्चर सेट केलं, चेन ताणली, तेल दिलं. हवा पुढं २५, मागं २८. मागच्या ब्रेकचे लायनर गेलेत. पोपट म्हणाला, "नाना, वर्षात तिसऱ्यांदा." म्हटलं, हल्ली मालच तसला येतो. त्यानं एकदा माझ्या पायाकडं बघितलं आणि पाना उचलला.

१५ फेब्रुवारी, रविवार

ॲव्ह. ५९. एवढं सगळं करून एक वाढला.

गाडीत दोष न्हाई. म्हणजे दोष हातात. हात दोनच, माझा आणि अश्विनीचा. संतोष चाकणला कंपनीत, आठवड्यातून एकदा येतो, तो गाडीला शिवत न्हाई. अश्विनी त्याची बायको, आमची सून. अवसरी खुर्दला कॉलेजात लायब्ररीत कामाला आहे. सकाळी घाट उतरून जाते, संध्याकाळी चढून येते, दीड वर्ष झालं. गिअरची गाडी माहेरीच शिकली, भावाची चालवायची.

जेवताना सांगून टाकलं. यात्रेपर्यंत गाडीला हात लावायचा न्हाई. तुझ्या हातात गाडी पेट्रोल पिते.

"बरं मामा," म्हणाली. चावी आणून माझ्या ताटाशेजारी ठेवली. चार शब्द उलट बोलली असती तर मला सोपं गेलं असतं.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

अश्विनी आठवडाभर जीपनं जातीय. सातपासून फाट्यावर उभी. जीप भरल्याशिवाय हलत न्हाई, पुढं अवसरीत उतरून पायी. तीनदा उशीर झाला, साहेब बोलले म्हणे. हे मला तिनं न्हाई सांगितलं, हिनं सांगितलं. वर म्हणाली, असंच चाललं तर पोरगी काम सोडंल.

म्हटलं, दीड महिन्याचा प्रश्न आहे.

२२ फेब्रुवारी, रविवार

आठवडाभर गाडी फक्त माझ्या हातात. ॲव्ह. ५५.

पुन्हा मोजलं. ५५च.

वारं व्हतं समोरून. एकदा मागं खताची गोणी व्हती. हिला तसं सांगितलं, तर म्हणाली, "आणि उरलेले सहा दिवस? नाचता येईना अंगण वाकडं."

जेवलो न्हाई. मग भूक लागली, जेवलो.

२५ फेब्रुवारी, बुधवार

मागची वही काढली. डिसेंबरात माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, पाच आठवडे गाडीवर बसायची बंदी. तेव्हा एकटी अश्विनी चालवायची. टाकी भरून आली की आकडे सांगायची, मी लिहून घ्यायचो. माझंच अक्षर, एका डोळ्यानं लिहिलेलं, वाकडंतिकडं:

"६८. अश्विनीने सांगितला. चुकीचा असावा."

"६९. पुन्हा चुकीचा."

"६८. पोरीला मीटर वाचता येत न्हाई वाटतं."

जानेवारीत मी गाडी हातात घेतली. ६१. मग ५९. मग ५८.

वही मिटून ठेवली. चहा गार झाला.

१ मार्च, रविवार

सोक्षमोक्ष लावला. पोपटकडून बाटली आणि नळी आणली. अर्धा लिटर मला, अर्धा लिटर तिला. रस्ता एकच, घाट उतरून मंचरकडं आणि माघारी घाट चढून, पेट्रोल संपेपर्यंत. ती हलकी म्हणून तिच्या मागं बटाट्याची गोणी बांधली. मीच बांधली, गाठ मीच मारली. नंतर कोणी म्हणायला नको.

आधी मी. २७.४ ला बंद पडली.

मग अश्विनी. मी फाट्यावर उभा. आली, समोरून गेली, परत आली, परत गेली. मला वाटलं बाटलीत काहीतरी घोळ आहे. ३४.६ ला थांबली. उतरली, हेल्मेट काढलं आणि माझ्याकडं न बघता मीटरकडं बोट दाखवलं.

आज यापेक्षा जास्त लिहवत न्हाई.

५ मार्च, गुरुवार

आज अश्विनी जीपनं आली, तिला ओसरीवर बसवलं. म्हटलं, मी काय चुकतोय ते तुला ठाऊक आहे. खरं सांग.

ती हिच्याकडं बघायला लागली. ही म्हणाली, "सांग बाई एकदाचं."

"मामा, मागच्या महिन्यात तुमी मंचरवरून येत व्हता, मी जीपमध्ये मागं व्हते. तुमचा ब्रेकलाइट अख्खा घाट पेटलेला व्हता."

म्हटलं, चढाला ब्रेक कोण दाबतो?

"तुमी दाबता."

मला राग आला. म्हटलं चल, आत्ता बघू. गाडी अंगणात स्टँडवर लावली, चावी फिरवली, वर बसलो. हिला मागं उभं केलं. मी हँडल धरून समोर बघत बसलो, जसा रस्त्यावर बसतो तसा.

"पेटला," ही म्हणाली.

पाय जरा हलवला. "आता?"

"पेटलाच."

"आता?"

"अहो, विझलाच न्हाई अजून."

खाली बघितलं. उजवा पाय ब्रेकवर. मी ठेवला नव्हता, तो आपला आपण गेला व्हता. एकतीस वर्षं उजवा पाय एक्सीलेटरवर. चढ आला की दाबायचा, गाडीला ओढ पाहिजे असली की दाबायचा. आता तिथं एक्सीलेटर न्हाई, ब्रेक आहे, हे डोक्याला कळतं, पायाला कोण सांगणार. जितका चढ जास्त तितका मी ब्रेक जास्त दाबत व्हतो. इंजिन पुढं ओढतंय, मी मागं धरतोय. लायनर वर्षात तीनदा का जातात तेही कळलं. पोपटलाही माहीत असणार. अख्ख्या गावाला दिसत असणार, लाल दिवा काय लपतोय.

अश्विनीला विचारलं, आधी का न्हाई बोललीस.

"तुमी डेपोत पहिल्या नंबरचे. तुमाला पायावरून मी काय बोलणार."

तिनं माझी चूक झाकली आणि मी माझी चूक तिच्या माथी मारून तिला पंधरा-वीस दिवस फाट्यावर उभं केलं. चुकलं माझं. माफीबिफी आमच्यात कोणी मागत न्हाई. चावी तिच्या हातात दिली, म्हटलं, उद्यापासून जीपनं जाऊ नको.

९ मार्च, सोमवार

पायाला शिकवतोय. सकाळी रिकाम्या रस्त्यावर तास तास. मनात म्हणत जायचं, पाय वर, पाय वर. लक्ष असलं की ॲव्ह. ६४ पडतं. म्हैस आडवी आली, कोणी हात केला, की पाय आपल्या जाग्यावर जाऊन बसतो.

११ मार्च, बुधवार

आज एक शहाणपण केलं. पाय मागच्या माणसाच्या फूटरेस्टवर ठेवून चालवली, म्हणजे ब्रेकला लागणारच न्हाई. वळणावर कुत्रं आलं, खरंच ब्रेक पाहिजे व्हता आणि पायाला ब्रेक सापडेना. निवडुंगात गेलो. गुडघा फुटला, गाडीला ओरखडा. हिनं काटे काढले, एक अक्षर बोलली न्हाई. ही बोलत नसली की जास्त लागतं.

यात्रेला पंचवीस दिवस. एकतीस वर्षांचा पाय पंचवीस दिवसांत सुधारत न्हाई.

१४ मार्च, शनिवार

कमिटीत गेलो. म्हटलं, गाडी माझीच उतरणार, चालवणार माझी सून. नाव बदला.

सदाभाऊनं पेन खाली ठेवलं. "नाना, घाटघर तुमी बोलला व्हता."

"बोललो ते खरं करायचं म्हणूनच तिला घालतोय."

कोणीतरी मागून म्हणालं, नानानं माघार घेतली. लई लागलं ते. घरून ठरवून गेलो व्हतो की खरं कारण सांगायचं न्हाई, गुडघा दाखवायचा आणि सुटायचं. पण मग अश्विनीचं नाव माझ्या गुडघ्यामुळं लागलं असतं, तिच्या हातामुळं न्हाई. म्हणून सगळ्यांसमोर सांगितलं, माझा पाय चालवताना ब्रेकवर असतो. मला एका लिटरात बहात्तर जमत न्हाई. तिला जमंल.

हसले. हसू दिलं.

मग सदाभाऊनं वजनाचा मुद्दा काढला. बाई हलकी, ते नियमात बसत न्हाई. म्हटलं, काटा आणा. मी ७६, ती ४९. सत्तावीस किलो बटाटे मागं बांधा, माझ्याएवढी होईल. सदाभाऊनं लिहून घेतलं. नावाच्या जागी अश्विनीचं पूर्ण नाव मी सांगितलं, नवऱ्याचं, आडनावासकट, सावकाश, नीट लिहीपर्यंत.

१७ मार्च, मंगळवार

बबनराव आला व्हता. माझ्याच डेपोतला, माझ्याआधी दोन वर्षं रिटायर. चहा पिऊन झाला तरी उठेना. शेवटी म्हणाला, "नाना, परवा बायकोला गाडीमागं उभं केलं. माझाबी पेटतो."

दोघं लई हसलो. ही आतून बघायला आली, काय झालं म्हणून.

२२ मार्च, रविवार

अश्विनीला घाटघरचा रस्ता दाखवायला नेलं. ती पुढं, मी मागं. आयुष्यात पहिल्यांदा मागं बसलो. हात कुठं ठेवायचे कळत नव्हतं.

जुन्नरपर्यंत रस्ता तिला ठाऊक आहे. पुढचा मी सांगितला. आपटाळ्यापर्यंत सपाट, तिथं एकसारखी ठेव, चाळीसच्या वर जायचं न्हाई. चावंडच्या अंगानं वारं उजवीकडून येतं, मान खाली घाल. चढ लागायच्या आधी गाडी वेगात घे, चढावर पिळू नको. फडकी, शाल, ओढणी, फडफडणारं काही अंगावर नको. ती विचारत जात व्हती, मी सांगत जात व्हतो.

एका चढाला म्हटलं, चौथ्यातच राहू दे. म्हणाली, "मामा, चौथ्यात इंजिन धडधडतंय. तिसरा टाकते." म्हटलं, खालच्या गिअरला जास्त पिते. ऐकलं न्हाई, तिसरा टाकला. गाडी हलकी झाली, आवाज गोड झाला. बसचं इंजिन केवढं, हे केवढं. मी बसचं गणित मोटारसायकलला लावत व्हतो. आणखी एक चूक सापडली, तीबी मीच मागं बसून ऐकली.

घाटघरात भाताची खाचरं उन्हात पांढरी पडलेली. हॉटेलापाशी एक म्हातारा बसला व्हता, कानटोपी घालून. बराच वेळ माझ्याकडं बघत व्हता. "पावणं, मुक्कामी गाडीचं डायवर नव्हं तुमी? आमच्यात नाचणीची भाकर खाल्ली व्हती तुमी."

म्हटलं, व्हतो. आता ड्रायव्हर ही.

म्हाताऱ्यानं तिच्याकडं बघितलं, गाडीकडं बघितलं. "पेठपास्नं चालवत आणली?" म्हटलं, हो. म्हणाला, "सून का लेक?" मी सांगायच्या आधी तीच म्हणाली, "सून." मला वाटलं माझी छाती शर्टात मावंना. अशी छाती फळ्यावर नाव बघून कधी झाली नव्हती. हे मी खरं लिहितोय.

२९ मार्च, रविवार

पूर्ण लिटरची चाचणी, गोणीसकट, यात्रेच्या रस्त्यानं. ७१.२ ला संपलं. घाटघर समोर दिसत व्हतं म्हणे. गाडी ढकलत गावापर्यंत नेली तिनं, पेट्रोल मिळंपर्यंत दोन तास बसली.

आठशे मीटर कमी. पोपट म्हणाला, एवढ्यावर समाधान माना, बाकी कोणाचं साठच्या वर न्हाई, पहिला नंबर कुठं जात न्हाई.

पहिल्या नंबराचं मी बोललोच नव्हतो. मी घाटघर बोललो व्हतो.

१ एप्रिल, बुधवार

मागचं चाक पोपटनं पुन्हा खोललं. हातानं फिरवलं की किती वेळ फिरतंय ते बघत बसलो. ब्रेक जरा ढिला केला, चेन पेट्रोलनं धुऊन पुन्हा तेल दिलं. आरसे काढू का, विचारलं. अश्विनी म्हणाली, "आरसे राहू द्या. मागून ट्रक येतात." बरोबर बोलली. आरसे राहिले.

३ एप्रिल, शुक्रवार

यात्रेची गडबड. घरात पाव्हणे. संतोष आलाय. तो म्हणाला, "नाना, हिला कशाला एवढं ताण देता?" म्हटलं, तू कांदा चीर.

संध्याकाळी अश्विनी ओसरीवर आली. "मामा, घाटघर न्हाई आलं तर?"

"तर नाक माझं कापलं जाईल. तुझं काय जातंय."

"घरात नाकं काय दोन आहेत का, मामा?"

बटाट्याची गोणी उचलून बघितली, उगीच.

५ एप्रिल, रविवार

स. ७.३५. सुटल्या. आठ गाड्या. पेट्रोल सदाभाऊनं स्वतः मोजलं, मीबी वाकून बघितलं. काट्यावर अश्विनी आणि गोणी मिळून ७६. माणसं लई जमलीत. बायका जास्त. ओढणी कमरेला घट्ट बांधून, हेल्मेट घालून बसली. मी सांगायला जवळ गेलो आणि काय सांगायचं ते विसरलो. तीच म्हणाली, "सांगितलंय तुमी सगळं."

कमिटीची जीप सगळ्यांच्या मागून गेलीय. बंद पडलेल्यांना उचलत जाणार.

मंदिराच्या पायरीवर बसून लिहितोय. वही सोबत आणली. ही शेजारी.

८.३०. पहिला फोन. एकजण नारायणगाव सोडून थोडा पुढं. पोरं हसली. सदाभाऊ माइकवरून सांगतोय.

८.५०. दोन फोन. एक जुन्नरच्या अलीकडं, एक जुन्नर स्टँडपाशी. प्रत्येक वेळी रिंग वाजली की मी उठून उभा राहतोय. ही म्हणते, इकडं पाणी प्या. नको.

९.०५. बबनरावचा पुतण्या, आपटाळ्याला. टाळ्या. बबनराव माझ्या पाठीवर थाप मारून गेला, कशाबद्दल ते समजलं न्हाई.

९.१५. आणखी दोन. दोघंबी चावंडच्या अलीकडं, ५८ आणि ५९.

राहिल्या दोन.

९.२५. गावातल्याच दुसऱ्या गाडीचा फोन, ६१. सातही जणांचे मीटरचे फोटो मिळाले. सदाभाऊनं माइकवर जाहीर केलं, आता फक्त अश्विनीताई रस्त्यावर. 'ताई' म्हणाला. नाव पूर्ण घेतलं. बायकांनी टाळ्या वाजवल्या. हिचे डोळे भरलेत, मला म्हणते, धूर आहे. इथं कुठं धूर आलाय.

पहिला नंबर झाला. लोक मला हात मिळवायला येतायत. मी हात मिळवतोय आणि घड्याळ बघतोय. चाळीसनं चालली तर साडेनऊच्या आतच घाटघर यायला पाहिजे. तिथं रेंज धड नसते, हेबी खरं. घाटघरची पाटी आली असंल आणि फोन लागत नसंल. किंवा आठशे मीटर आधी बंद पडली असंल आणि ढकलत असंल. किंवा अजून चालत असंल.

९.५०. न्हाई.

१०.०५. संतोष येरझाऱ्या घालतोय. माणसं पांगायला लागलीत, बैलगाड्यांची शर्यत सुरू व्हायचीय. सदाभाऊ पायरीवर येऊन बसला. म्हणाला, "नाना, उशीर लई झाला. तुमीच तिला फोन लावून बघा ना."

म्हटलं, न्हाई लावायचा. बंद पडली की तीच करंल. गाडी चालवतीय ती.